चार पेशंटपैकी आधी कोणाकडे जायचं, हे कॉलेजातच शिकवा

मुंबईतल्या नर्सिंग कॉलेजांच्या प्राचार्य मॅडम आणि सर, आमचे ट्यूटर, आणि पेपर काढणारे व तपासणारे सगळे,

स. न. वि. वि.

मी परळच्या बाजूला एका खासगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे. मूळची साताऱ्याकडची. बारावीपर्यंत मराठी शाळा, मग मुंबईत बी.एस्सी. नर्सिंग, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी, आणि तेव्हापासून सात वर्षं वॉर्ड. गेल्या वर्षी मी अमेरिकेतली नर्सिंगची लायसन्स परीक्षा, एनक्लेक्स, दुसऱ्या प्रयत्नात पास झाले. परदेशी कसं जावं हे सांगायला मी हे पत्र लिहीत नाही. मी अजून इथेच आहे. भारतीयांसाठी तिथल्या व्हिसाची रांग कित्येक वर्षांची आहे, माझा नंबर कधी लागेल ते कोणी सांगू शकत नाही. पण त्या परीक्षेच्या तयारीत मला जे शिकायला मिळालं ते मला तुमच्याकडे, कॉलेजात, मिळायला हवं होतं. का, ते एका रात्रीवरून सांगते.

नोकरीचं दुसरं वर्ष. सर्जिकल वॉर्ड, नाइट ड्युटी. आम्ही दोघी आणि २५ पेशंट. थायरॉइडचं ऑपरेशन होऊन दुसरी रात्र असलेल्या एक काकू होत्या. गळ्याचं ड्रेसिंग कोरडं, बीपी ठीक, दिवसभर गप्पा मारत होत्या. रात्री दीडच्या सुमाराला म्हणाल्या, "सिस्टर, ओठांभोवती मुंग्या येतायत गं. बोटांनाही." मी त्यांचा सलाइनचा हात बघितला, सरळ केला, खाली उशी दिली आणि म्हणाले, "हात अवघडला असेल काकू, झोपा जरा." पलीकडे हर्नियाचे एक काका दुखतंय म्हणून ओरडत होते. मी तिकडे गेले.

पंधरा-वीस मिनिटांनी आमच्या सीनियर सिस्टर राउंडला आल्या. काकूंनी त्यांनाही तेच सांगितलं. सिस्टरांनी एक शब्द न बोलता त्यांच्या दंडाला बीपीचा कफ बांधला, वरच्या बीपीच्याही वर फुगवला आणि तसाच धरून ठेवला. दोन-तीन मिनिटांत काकूंची बोटं आखडून एकमेकांना चिकटली, अंगठा तळव्यात वळला, मनगट खाली झुकलं. सिस्टर मला एवढंच म्हणाल्या, "आरएमओंना (ड्युटीवरच्या डॉक्टरांना) फोन लाव, कॅल्शियम कमी झालंय." रक्त पाठवलं, मॉनिटर लावला, आणि कॅल्शियम ग्लुकोनेट शिरेतून अगदी हळू दिलं, दहा मिनिटं घड्याळाकडे बघत. पहाटे काकूंनी चहा मागितला. उशीर झाला असता तर घशाचे स्नायू आखडून त्यांचा श्वास अडकू शकला असता.

मॅडम, मला हे माहीत नव्हतं असं नाही. थायरॉइड काढताना शेजारच्या, कॅल्शियम सांभाळणाऱ्या पॅराथायरॉइड ग्रंथींना धक्का लागू शकतो, कॅल्शियम उतरतं, हे मी शिकले होते. "थायरॉइडेक्टॉमीनंतरची नर्सिंग केअर लिहा" हा प्रश्न मला परीक्षेत आला होता. मी कॅल्शियम उतरल्याच्या खुणा, ट्रुसो साइन (सिस्टरांनी कफ बांधून बघितली ती) आणि चोवस्टेक साइन, स्पेलिंगसकट लिहिल्या होत्या, आकृती काढली होती, पेन्सिलने चौकट आखली होती. मार्क चांगले पडले. जी खूण मी उत्तरपत्रिकेत बिनचूक लिहिली ती काकूंच्या ओठांवर आली तेव्हा मला ओळखता आली नाही.

त्या काकू मला पुढे पुन्हा भेटल्या, पण एका प्रश्नात, डोंबिवलीहून येताना लेडीज डब्यात. मी उभ्या उभ्या मोबाइलवर एनक्लेक्सच्या सरावाचे प्रश्न सोडवत होते. प्रश्न असा: तुमच्याकडे चार पेशंट आहेत. एकाचं गुडघ्याचं ऑपरेशन परवा झालंय, दुखणं दहापैकी सात. दुसरा सीओपीडीचा, म्हणजे फुफ्फुसाच्या जुनाट आजाराचा पेशंट, रक्तातला ऑक्सिजन ९० टक्के. तिसऱ्याची साखर २४०, जेवणाआधीचं इन्सुलिन द्यायचंय. चौथीचं काल थायरॉइडचं ऑपरेशन झालं, तोंडाभोवती मुंग्या येतायत म्हणते. आधी कोणाकडे जाल?

ठाणं कधी गेलं मला कळलं नाही. उत्तर बरोबर आलं, पण खाली चारही पेशंटबद्दल लिहिलं होतं: दुखणारा का थांबू शकतो, सीओपीडीवाल्याला ९० टक्के हे त्याच्यासाठी नेहमीचंच का, इन्सुलिनला दहा मिनिटं उशीर का चालतो, आणि चौथीला पाच मिनिटंही का चालणार नाही. चार वर्षांच्या कोर्समध्ये मला असा एकही प्रश्न आला नव्हता. आम्हाला एका वेळी एकच आजार यायचा. व्याख्या, कारणं, लक्षणं, उपचार, नर्सिंग मॅनेजमेंट. वॉर्डात मात्र एका वेळी एकच आजार कधीच येत नाही.

ही परीक्षा कशी चालते ते थोडं सांगते, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणींना वाटतं की ती इंग्रजीची परीक्षा आहे. परीक्षा कॉम्प्युटरवर होते, मुंबईतच केंद्र मिळतं. आत जाताना पासपोर्ट आणि तळहाताचं स्कॅन, बाकी सगळं लॉकरमध्ये. वेळ पाच तास, प्रश्न कमीत कमी ८५ आणि जास्तीत जास्त १५०. तुमच्या प्रत्येक उत्तरावरून कॉम्प्युटर तुमचा अंदाज घेतो आणि त्या बेताचा पुढचा प्रश्न देतो. बरोबर गेलात की पुढचा अवघड. ही मुलगी पासच्या रेषेच्या वर आहे किंवा खाली आहे अशी ९५ टक्के खात्री झाली की परीक्षा तिथेच बंद पडते. माझी ९८ व्या प्रश्नाला बंद पडली. मागे जाऊन उत्तर बदलता येत नाही, प्रश्न सोडून पुढे जाता येत नाही. वॉर्डातही तसंच असतं.

१ एप्रिल २०२३ पासून तिचं स्वरूप बदललं. आता प्रत्येकीला निदान तीन केसेस येतात, एकेका केसवर सहा प्रश्न. पेशंटची फाइलच समोर उघडते: सिस्टरांच्या नोंदी, व्हायटल्स (नाडी, बीपी, ताप, श्वास), रिपोर्ट, डॉक्टरांच्या ऑर्डर. पहिला प्रश्न, यातलं काळजीचं काय काय दिसतंय? मग त्याचा अर्थ काय, सगळ्यात मोठा धोका कोणता, काय काय करता येईल, आत्ता काय कराल, आणि केल्यावर फरक पडला का. तुम्ही म्हणाल, हा तर आपला नर्सिंग प्रोसेस, पहिल्या वर्षाला शिकवतो. शिकवता खरं. पण आमच्या हातून त्याच्या फायली होतात. पेशंटला न बघता लिहिलेला 'ॲक्यूट पेन रिलेटेड टू सर्जिकल इन्सिजन'चा, म्हणजे ऑपरेशनच्या जखमेच्या दुखण्याचा, केअर प्लॅन मी तीन वेळा सबमिट केला, तिन्ही वेळा सीनियरच्या फाइलवरून उतरवून. तिन्हीवर सही मिळाली. हे मी अभिमानाने सांगत नाही, पण तुमच्या कॉलेजात आज रात्रीही कोणी तरी मुलगी हेच करत असेल.

पहिल्या वेळी मी नापास झाले. नाइटहून आले की दोन तास झोप, मग रोज ७५ प्रश्न, असं पाच महिने केलं होतं. फी २०० डॉलर, भारतात सेंटर घेतल्याचे वर १५० डॉलर, शिवाय कागदपत्रांचा खर्च. माझ्या दोन पगारांच्या आसपास गेलं ते. घरी सांगायला तोंड नव्हतं. पण नापास झाल्यावर त्यांनी एक कागद पाठवला, तो मी अजून जपून ठेवलाय. त्यात मार्क नव्हते. प्रत्येक भागासमोर लिहिलं होतं, पासच्या पातळीच्या वर, जवळपास की खाली. औषधांत मी वर होते. 'मॅनेजमेंट ऑफ केअर'मध्ये, म्हणजे कोणाला आधी बघायचं, कोणतं काम कोणाकडे सोपवायचं यात, खाली. कुठे कमी पडते हे मला शिक्षणात पहिल्यांदा कोणी तरी नेमकं सांगितलं. आपल्याकडे नापास मुलीला ३८ हा आकडा मिळतो आणि ती तेच पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा वाचते. ४५ दिवसांनी पुन्हा बसता येतं. मी चार महिने घेतले, आणि या वेळी प्रश्नांची संख्या मोजली नाही. दिवसाला तीसच सोडवले, पण प्रत्येक चुकलेल्या प्रश्नासाठी वहीत एकच ओळ लिहायची: मी काय बघितलं नाही?

ती वही भरत गेली तसं लक्षात आलं की माझ्या निम्म्या चुका नर्सिंगच्या नव्हत्याच. एक प्रकार फार फसवा. "पेशंटच्या कोणत्या वाक्यावरून त्याला अजून समजावून सांगायला हवं असं वाटतं?" म्हणजे चुकीचं वाक्य शोधायचंय. मराठी शाळेतून आलेल्या आम्ही घाईत बरोबर वाक्यावर टिक करतो. दुसरं, औषधांची नावं. वॉर्डात आपण सगळे ब्रँडने बोलतो. लासिक्स दे, पॅन दे, इमसेट दे. परीक्षेत बहुतेक वेळा औषधाचं मूळ नावच येतं, तेही अमेरिकेतलं: पॅरासिटामॉल नाही, असिटामिनोफेन. अ‍ॅड्रिनलिन नाही, एपिनेफ्रिन. साल्ब्युटामॉल नाही, अल्ब्युटेरॉल. अमेरिकेतलं नाव शिकवू नका हवं तर, पण मूळ नावाने बोलायची सवय पहिल्या वर्षापासून लावा. ब्रँड बदलला आणि एकच औषध दोन नावांनी दोनदा गेलं, ही चूक वॉर्डात घडते, आणि ती टाळायला अमेरिकेला जावं लागत नाही.

माझी सगळ्यात जास्त पानं भरली ती काम सोपवण्याच्या प्रश्नांनी. मावशींना, म्हणजे वॉर्डातल्या मदतनीस बायकांना, काय सांगता येतं, काय नाही? तपासणं, शिकवणं आणि परिणाम जोखणं ही नर्सची कामं, ती दुसऱ्यावर ढकलता येत नाहीत, असा तिथला नियम. एक प्रश्न होता पक्षाघाताच्या पेशंटला पहिल्यांदा भरवण्याचा. उत्तर, तो मावशींनी भरवायचा नाही. आधी गिळता येतं का ते नीट तपासायचं, मगच घास. मी तो प्रश्न वाचला आणि मला आमचा वॉर्ड दिसला. आपल्याकडे मावशी तरी कुठे भरवतात? सून भरवते, मुलगा भरवतो. डबा घरून येतो, वरण-भात कालवला जातो, आणि तोंड वाकडं झालेल्या आजोबांना पाठीवर झोपवूनच पहिला घास दिला जातो, कारण दोन दिवस पोटात काही नाही हे घरच्यांना बघवत नाही. तो घास श्वासनलिकेत गेला की काही दिवसांत न्यूमोनिया होऊ शकतो. आता माझ्या वॉर्डात असा पेशंट आला की मी आधी डब्याकडे बघते. घरच्यांना बसवते, सांगते, "मी सांगेपर्यंत पाणीसुद्धा नाही." त्यांना राग येतो. मग मी समोर गिळणं तपासते, पाठ उभी करून चमच्याने थोडं थोडं कसं द्यायचं ते दाखवते, आणि राग जातो.

म्हणून माझं म्हणणं असंही नाही की त्यांचे प्रश्न जसेच्या तसे उचलून आणा. त्या परीक्षेतल्या हॉस्पिटलात एका नर्सकडे चार-पाच पेशंट असतात, प्रत्येक गोष्ट हाताशी असते आणि नातेवाईक फक्त भेटायला येतात. आपला वॉर्ड तसा नाही. जमिनीवर गादी टाकलेला पेशंट त्यांच्या एकाही प्रश्नात नाही. पण म्हणूनच आपले प्रश्न आपणच काढायला हवेत. एक मी काढून बघितलाय.

ऑगस्ट महिना, मेडिसिन वॉर्ड, संध्याकाळचा हँडओव्हर, म्हणजे एका ड्युटीने दुसरीकडे पेशंट सोपवण्याची वेळ. एका मुलाला ताप १०३, अंग दुखतंय, आई सारखी सिस्टरांना हाका मारतेय. एकाला लेप्टोचा (पावसाळ्यातल्या साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या तापाचा) संशय आहे, अँटिबायोटिकचा डोस अर्ध्या तासाने आहे. एक टीबीचे आजोबा गोळ्या घ्यायला नाही म्हणतायत. आणि एका डेंग्यूच्या बाईला पाचव्या दिवशी आज सकाळी ताप उतरलाय, नवरा विचारतोय घरी कधी सोडणार, ती मात्र गप्प पडून आहे, दुपारपासून तीनदा उलटी झाली, हातपाय गार लागतायत, बीपी १००/८४. आधी कोणाकडे जाल?

ताप उतरला म्हणजे डेंग्यू बरा झाला असं नवऱ्याला वाटतं, आणि खरं सांगते, तिसऱ्या वर्षाच्या मुलींनाही वाटतं. १००/८४ मधला १०० हा आकडा बघून त्या पुढे जातात. वरच्या आणि खालच्या बीपीतलं अंतर १६ वर आलंय, रक्तवाहिन्यांतलं पाणी बाहेर झिरपतंय, ही बाई शॉकमध्ये चाललीय, म्हणजे तिच्या अवयवांना रक्त पुरेनासं होतंय, हे त्या १०० मध्ये दिसत नाही, ८४ मध्ये दिसतं. हाका मारणारी आई सगळ्यांना ऐकू येते. गप्प पडलेली बाई ऐकू येत नाही. मुंबईत दर पावसाळ्यात हे पेशंट आपल्या खाटांवर असतात. हा प्रश्न आपल्या पेपरात का नसावा?

असा निर्णय आपल्या नर्सेसना जमत नाही असं कोणी म्हणू नये. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कामा हॉस्पिटलात गोळीबार सुरू झाला तेव्हा अंजली कुलथे सिस्टरांनी वॉर्डातल्या २० गरोदर बायकांना आतल्या छोट्या खोलीत नेलं. त्यातल्या एकीला कळा सुरू झाल्या, तर तिला त्या तशा रात्री भिंतीच्या कडेकडेने लेबर रूमला घेऊन गेल्या. काय थांबू शकतं आणि काय थांबू शकत नाही हे त्यांना त्या क्षणी कळलं. माझ्या सीनियर सिस्टरांनाही कळलं. पण हे शहाणपण आपण फक्त वर्षांवर सोडून दिलंय. दहा वर्षं वॉर्डात घातली की येईल आपोआप. आणि ती दहा वर्षं होईपर्यंत मधल्या पेशंटांनी काय करायचं?

तुमच्या अडचणी मला माहीत आहेत. ट्यूटर कमी, मुली जास्त, क्लिनिकलला, म्हणजे हॉस्पिटलातल्या सरावाला, गेलं की वॉर्डात कमी पडणाऱ्या हातांच्या जागी विद्यार्थिनींना लावतात. बेड करा, सॅम्पल नेऊन द्या. पेपर तुमच्या एकट्याच्या हातात नसतो हेही कळतं. पण इंटर्नल, म्हणजे कॉलेजातली अंतर्गत परीक्षा, तुमच्या हातात आहे. क्लिनिकलनंतरची वीस मिनिटं तुमच्या हातात आहेत. दर इंटर्नलला एक प्रश्न असा घाला ज्यात पुस्तक उघडं ठेवलं तरी उत्तर सापडणार नाही. उत्तर मराठीत बोलून दाखवायची मुभा द्या, निदान पहिल्या वर्षी. विचार जमला की इंग्रजी मागून येतं, माझं आलं. आणि पेपर परत देताना मार्कांखाली एक ओळ लिहा, ही मुलगी कुठे कमी पडते.

एक विनंती ऑफिसबद्दलही आहे. ज्यांना बाहेर जायचंय त्यांची अर्धी वर्षं परीक्षेत जात नाहीत, कागदांत जातात. विषयवार थिअरीचे आणि प्रॅक्टिकलचे तास लिहिलेलं ट्रान्सक्रिप्ट लागतं, ते कॉलेजकडून थेट पाठवावं लागतं. माझं सहा महिने "उद्या या"मध्ये गेलं. त्यात नावाचा घोळ. मार्कशीटवर आडनाव आधी, मग माझं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर लग्नानंतरचं आडनाव, मधे नवऱ्याचं नाव. परीक्षेला पासपोर्टवरचं नाव आणि अर्जातलं नाव अक्षराला अक्षर जुळावं लागतं, नाहीतर दारातून परत. शेवटच्या वर्षाच्या मुलींना एक तास बसवून एवढं सांगितलंत तरी पुढची ॲफिडेव्हिटं आणि गॅझेटचे हेलपाटे वाचतील.

सध्या आमच्या वॉर्डात तीन नव्या मुली आहेत. हँडओव्हर संपला की मी त्यांना चार खाटांचे नंबर सांगते आणि विचारते, आधी कुठे? सुरुवातीला त्या माझ्या तोंडाकडे बघायच्या, मला काय हवंय ते ओळखायला. आता त्या पेशंटकडे बघतात. मागच्या महिन्यात त्यांतली एक धावत आली, "सिस्टर, बारा नंबरच्या आजी आज माझं नाव विसरल्या." एवढंच. ताप नाही, तक्रार नाही. तपासलं तर रक्तातलं सोडियम फार खाली गेलं होतं, त्यानेच त्या गोंधळल्या होत्या.

मी असे साठेक प्रश्न लिहून ठेवलेत, सगळे आपल्या वॉर्डातले, आपल्या आजारांचे. कोणाला हवे असतील तर देईन. माझा ऑफ बुधवारी असतो. बोलावलंत तर वही घेऊन येईन, आणि मुलींसोबत बसेन.

आपली विद्यार्थिनी,
एक स्टाफ नर्स, परळ, मुंबई